टाचण ज्याचे त्याला लिहू द्या
पहिली ते तिसरीच्या वर्गांना तयार वेळापत्रक धाडणाऱ्या अधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. अधिकारी महोदय,
स. न. वि. वि.

कार्यालयाचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही. आदेश कोणी काढला हे काढणाऱ्यांना ठाऊक आहे आणि ज्या शाळांच्या ग्रुपवर तो येऊन पडला त्यांनाही. बाकीच्यांना काय घडले एवढे कळले तरी पुरे.

मी प्राथमिक शाळेत ३३ वर्षे शिकवले. सुरुवात बागलाणात, मग कळवण, आणि शेवटची नऊ वर्षे दिंडोरी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. राहते म्हसरूळला. दर गुरुवारी सकाळी दिंडोरी रोडवर बस पकडते आणि अजूनही त्याच शाळेत जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवते. माझ्या जागी आलेली मुलगी शिक्षणसेवक आहे, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर. वरून आलेल्या आदेशाला तिने नाही म्हणावे अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम माझ्याकडे आले, कारण माझी पेन्शन सुरू झाली आहे. नोकरीत असते तर मीही हे पत्र लिहिले नसते. नोटिशीला खुलासा लिहिण्यात मी कधीच हुशार नव्हते.

आदेश जूनच्या शेवटी व्हॉट्सॲपवर आला. सोबत २२ पानांची पीडीएफ. पहिली ते तिसरीच्या सगळ्या वर्गांनी भाषेचे कोणते पान कोणत्या तारखेला, कितव्या तासिकेला, किती मिनिटे घ्यायचे ते त्यात छापलेले. वाचन वेगळ्या रकान्यात, लेखन वेगळ्या रकान्यात, आणि 'नागरिकत्व व मूल्ये' शनिवारच्या परिपाठात २० मिनिटे. खाली ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या. शिक्षकांनी स्वतंत्र टाचण काढण्याची आवश्यकता नाही, आणि रोज दुपारी दोनपर्यंत वर्गाचा जिओ-टॅग (कुठे काढला त्याची नोंद असलेला) फोटो लिंकवर टाकावा.

शाळेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय करायचे, कशासाठी, कोणत्या मुलासाठी काय वेगळे, याची शिक्षकाने आदल्या दिवशी केलेली नोंद. माझ्या घरी माळ्यावर अशा वह्यांचा एक गठ्ठा आहे. आणि खरे तेच लिहायचे तर त्यातल्या निम्म्या वह्या फुकट गेल्या आहेत. गेल्या वर्षीचे टाचण तारीख बदलून उतरवायचे, बाजारात छापील मिळते ते चिकटवायचे, साहेबांनी न वाचता लाल शाईने सही करायची, हे आम्ही सगळ्यांनी केले आहे. टाचण आजारी होते हे मला मान्य आहे. पण तुम्ही आजार बरा केला नाही, पेशंटच संपवला.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारची गोष्ट सांगते. द्राक्षाच्या गोडी छाटणीचे दिवस होते. या दिवसांत सुरगाणा-पेठ भागातली मजूर कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात आणि त्यांची मुले आमच्या शाळांत येऊन बसतात. छाटणी झाली की काडी, मग विरळणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणे), जानेवारीपासून तोडणी, आणि मार्चअखेर बरीच कुटुंबे परत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये वर्ग पुन्हा नव्याने भरतो. त्या दिवशी दुसरीच्या १७ मुलांपैकी सहा नवी होती. त्यातली एक काना-वेलांटीशी झगडत होती, दोघांना अक्षरेच ओळखू येत नव्हती, आणि एक मुलगा मात्र माझ्या हातातले पुस्तक उलट्या बाजूने वाचत होता, इतके त्याला येत होते. पीडीएफप्रमाणे त्या तारखेला जोडाक्षरांचे पान होते. माझ्या जागी आलेल्या ताईने सतराही जणांना ते पान उघडायला लावले, फोटो काढला, लिंकवर टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आता शिकवते." तेव्हा तासिकेची आठ मिनिटे उरली होती.

तक्रारी सांगायच्या तर इथूनच सुरुवात होते.

पहिली. वर्गात कोण बसले आहे हे न पाहता पाठ ठरवता येत नाही. हे माझे मत म्हणून सोडून द्यायचे असेल तर कायदा बघा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि त्याप्रमाणे लागेल ते जादा शिकवायचे, हे त्यातले एक कर्तव्य आहे. तिथे 'प्रत्येक बालक' असा शब्द आहे. २२ पानांच्या पीडीएफमध्ये 'प्रत्येक' हा शब्द मी शोधला. एकदाच सापडला, 'प्रत्येक शाळेने फोटो पाठवणे बंधनकारक' या वाक्यात.

दुसरी तक्रार लेखनाची, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते आहे. तुमच्या रकान्यात लेखन म्हणजे गाळलेल्या जागा, बघून लिहा आणि श्रुतलेखन. श्रुतलेखनाला माझा विरोध नाही, मीही घ्यायची. पण मूल लिहायला लागते ते त्याला काही सांगायचे असते तेव्हा. बागलाणात असताना दुसरीतल्या एका मुलीने पाटीवर लिहिले होते, 'मन्हा घरमा तीन बकऱ्या शेतस.' अहिराणी बोलणारे घर, तिने जसे बोलतात तसे लिहिले. तुमच्या तक्त्याप्रमाणे या वाक्याला शून्य गुण पडतील. मी त्या रात्री टाचण बदलले. दुसऱ्या दिवशी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे घरमा, शाळामा, वावरमा. उजवीकडे घरात, शाळेत, वावरात. मुलांनीच ओळखले की '-मा' जातो आणि '-त' येतो. 'शाळेत' या शब्दाशी मात्र एकजण अडला. शाळाचे 'शाळे' का होते, घरचे 'घरे' का नाही? सामान्यरूप हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही, पण त्या पोराने व्याकरणाचा अख्खा धडा एका प्रश्नात विचारून टाकला होता. पुढचे चार दिवस आम्ही तेच केले. पुस्तकाचे पान मागे राहिले. पुढच्या महिन्यात भरून निघाले.

दिंडोरीतल्या मुलांना 'डिपिंग' लिहायचे असते. आई दिवसभर तेच करते, हातांना वास येतो, घरी तोच विषय. ड ला पहिली वेलांटी, प ला पहिली आणि वर अनुस्वार. या एका शब्दात पहिलीचे दोन आठवडे आहेत. तो कुठल्याही राज्यस्तरीय, जिल्हास्तरीय तक्त्यात येणार नाही, येऊही नये. मालेगावच्या यंत्रमागावरच्या घरातल्या मुलाचा शब्द वेगळा असेल, इगतपुरीच्या भातखाचरातल्या मुलाचा वेगळा. म्हणून तर टाचण गावात लिहायचे असते.

वाचनाबद्दल थोडक्यात. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, समजून वाचावा असे त्याचे लक्ष्य आहे. लक्ष्य चांगले आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण 'मिनिटाला ६०' मोबाइलच्या घड्याळावर मोजता येते आणि 'समजून' मोजायला मुलाशेजारी बसावे लागते, म्हणून शाळेपर्यंत पोचेस्तोवर नुसता साठचा आकडा उरला आहे. सप्टेंबरमध्ये एक मुलगी माझ्यासमोर धाडधाड वाचून गेली. गोष्टीतली म्हातारी का रडली, विचारले. म्हणाली, "ते नव्हते विचारायचे, वेळ लावायची होती."

आता तिसरी तक्रार, नागरिकत्वाची. शिकवण्याच्या तक्रारींत ती मी शेवटी ठेवली आहे, कारण तुम्हीही तिला शेवटच्या रकान्यात ठेवले आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेजवळच्या हातपंपाचा ओटा फुटला. चिखल, डास, पाय घसरून पडणे. तिसरीचा वर्ग होता. मी नऊ दिवसांचे टाचण केले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जाऊन पाहिले आणि परत येऊन बोलले. दुसऱ्या दिवशी शब्द गोळा केले: ओटा, गळती, दुरुस्ती, विनंती, अर्ज, ग्रामपंचायत. 'अर्ज'मध्ये रफार, 'ग्राम'मध्ये ग ला जोडलेला र. एकच र, एकदा डोक्यावर आणि एकदा पायाशी, हे त्या दिवशी मुलांना जसे कळले तसे मला कुठल्याही तक्त्याने कधी शिकवता आले नव्हते. मग अर्ज कोणाला करायचा यावर दीड दिवस गेला. कोणी म्हणाले पंतप्रधानांना, कोणी म्हणाले बागाईतदार काकांना. ग्रामपंचायत काय करते, पैसे कुठून येतात, घरपट्टी कोण भरते, हे सगळे तेव्हा आले. ग्रामसेवक भाऊसाहेबांना वर्गात बोलावले, ते बिचारे पहिल्यांदाच इतक्या लहान तोंडांना उत्तरे देत होते.

सहाव्या दिवशी सह्या करायची वेळ आली. बागेवर राहणारा एक मुलगा मागे सरकला. म्हणाला, "बाई, मी या गावचा नाही. मी सही करू का?" मी उत्तर दिले नाही, वर्गाला विचारले. अर्धा तास भांडण झाले. एकजण म्हणाला, त्याचे रेशनकार्ड इथले नाही. दुसरी म्हणाली, आपले मामा मुंबईला राहतात, त्यांचेही नसेल. शेवटी ठरले ते असे: जो या पंपाचे पाणी पितो त्याने सही करायची. त्या मुलाने सगळ्यात मोठ्या अक्षरांत सही केली, कागदाच्या बाहेर जाईल इतकी.

महोदय, ही नऊ दिवसांची गोष्ट तुमच्या पीडीएफमधल्या कोणत्या रकान्यात बसते ते मला सांगा. वाचनात, लेखनात की शनिवारच्या २० मिनिटांत?

परिपाठाबद्दलही बोलते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन होते. उत्तम गोष्ट आहे. आमच्याकडेही मुले खड्या आवाजात म्हणतात. एकदा मी दुसरीतल्या मुलांना विचारले, 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा' म्हणजे काय? एकाने ताबडतोब सांगितले, श्रद्धा पहिलीत आहे आणि विश्वास तिच्या मामाचे नाव आहे. मी हसले, पण उत्तर चुकीचे म्हणवेना. त्याला शब्दांच्या जागी माणसे दिसली होती. तिथून पुढे न्यायला वीस मिनिटे आणि लाउडस्पीकर पुरत नाही.

आणि नागरिकत्वाचे प्रश्न तक्त्यात लिहून येत नाहीत, मुलांकडून येतात. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासक कारभार पाहत राहिले. त्या काळात एका मुलाने विचारले, "बाई, आपला जिल्हा परिषद सदस्य कोण?" मी म्हटले, आत्ता कोणी नाही. "मग आपण कोणाला सांगायचे?" याचे तयार उत्तर माझ्या टाचणात नव्हते. तुमच्या पीडीएफमध्येही नाही, पण फरक असा की माझ्या टाचणात दुसऱ्या दिवसासाठी जागा होती.

२ मार्चलाही तेच. १९३० साली याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. पंचवटी आमच्या शाळेपासून तासाभराच्या आत. मी दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलांना तिथे न्यायची आणि दाराशी उभे करून सांगायची की इथे माणसांना आत जाऊ देत नव्हते. 'का?' हा प्रश्न दरवर्षी, न शिकवता, कोणीतरी विचारायचेच. परत आल्यावर 'समानता' हा शब्द फळ्यावर लिहायला मला सांगावे लागायचे नाही. तुमच्या तक्त्यात २ मार्चला समानार्थी शब्द आहेत, पान छापलेले, ३५ मिनिटे.

चौथी तक्रार वेळेची, ती आकड्यांत संपते. त्याच २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, 'तयारीच्या तासांसह'. तयारी हा कामाचा भाग आहे, घरी भाकरी थापता थापता करायची गोष्ट नाही, असे संसदेने मान्य केले आहे. प्रत्यक्षात ते तास यू-डायसला (शाळांची माहिती भरायची सरकारी प्रणाली) जातात, आधार आणि अपारच्या (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) नोंदींना जातात, पोषण आहाराच्या रोजच्या आकड्यांना जातात, आणि आता फोटोच्या लिंकला. ज्यांच्याकडून तयारीचा वेळ काढून घेतला त्यांनाच तयार नियोजन देऊन 'तुमचा भार हलका केला' म्हणणे, हे मला पटत नाही.

तुमची बाजू मी ऐकली आहे. नव्या शिक्षकांना नियोजन जमत नाही, काही जुने करत नाहीत, काही शाळांत महिनोन्महिने भाषेचा तासच होत नाही. खरे आहे. अशा शाळा मला माहीत आहेत, त्यांची नावे तुम्हालाही माहीत आहेत. पण चार घरी चूल पेटत नाही म्हणून सगळ्या गावाला डबा लावत नाहीत.

माझे मागणे एवढेच आहे.

पीडीएफ राहू द्या, पण नमुना म्हणून. ज्याला हवी त्याने वापरावी. ज्या शिक्षकाला स्वतःचे टाचण काढायचे आहे त्याला ते काढू द्या, आठवड्याला दोन पाने पुरेत, आणि केंद्रप्रमुखांनी (जवळपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) सही करण्यापूर्वी ते वाचावे. वाचले याची खूण म्हणून खाली एक प्रश्न लिहावा. नुसती सही नको.

रोजचा फोटो बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एकदा कोणीतरी वर्गात येऊन पाच मुलांशेजारी बसावे, त्यांच्याकडून एक गोष्ट वाचून घ्यावी आणि म्हातारी का रडली ते विचारावे.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास नियोजनासाठी राखून ठेवा. त्या वेळात कोणतीही लिंक, मीटिंग, माहिती तातडीने मागवू नका. दोन शिक्षकांनी समोरासमोर बसून पुढच्या आठवड्याचे बोलावे, बस्स.

नागरिकत्वाला आठवड्यातून एक पूर्ण तास द्या, वर्गात, परिपाठाबाहेर. बालसभा पुन्हा सुरू करा. वर्षातून निदान एक खरे पत्र मुलांनी खऱ्या पत्त्यावर लिहावे, ग्रामपंचायतीला, पोस्टाला, एसटी डेपोला, कोणालाही. कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करणे हे अभ्यासक्रमाचे काम सांगितले आहे. ते मत मांडायला काही विषय लागतो.

द्राक्षपट्ट्यातल्या शाळांना दिवाळीनंतर आपले नियोजन नव्याने आखण्याची मुभा लेखी द्या. स्थलांतरित मुले येतात हे दरवर्षी घडते. त्यात अचानक काही नाही.

आणि हे सगळे ठरवण्याआधी शाळा व्यवस्थापन समित्यांना विचारा. तिथे तीन-चतुर्थांश पालक असतात. त्यांच्या मुलांचा पाठ ठरवताना त्यांना एका शब्दाने विचारलेले नाही.

हा विषय आमच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत घ्यावा आणि तिथे शिक्षणसेवकांना आधी बोलू द्यावे, साहेबांनी नंतर. मी बोलावले तर येईन, मागच्या खुर्चीवर बसेन. माळ्यावरच्या वह्या घेऊन येईन, फुकट गेलेल्यांसह.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
म्हसरूळ, नाशिक

ता. क. : याच विषयावर मी आपल्या कार्यालयाला यापूर्वी दोन पत्रे दिली आहेत. दोन्हींच्या स्थळप्रतींवर आवक क्रमांक आहेत. पहिल्याला चार महिने झाले. तिसरीच्या मुलांच्या अर्जाला ग्रामपंचायतीने अकराव्या दिवशी उत्तर दिले होते, आणि ओटा पावसाच्या आत झाला.